फड, घर, नाट्यगृह : जाळपोळीच्या कायद्याचा मागोवा

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने जाळपोळीला स्वतंत्र गुन्ह्याचे नाव दिले नाही. तिला जागा मिळाली ‘आगळीक’ या सदरात. दुसऱ्याचे नुकसान करण्याच्या हेतूने किंवा ते होणार हे ठाऊक असताना मालमत्तेची नासधूस करणे, ही आगळीक. अमेरिकेतील अनेक राज्यांसारख्या पहिल्या, दुसऱ्या श्रेणी येथे आल्या नाहीत. शिक्षा वाढत गेली ती काय पेटवले यावरून.

कलम ४३५ शंभर रुपयांच्या नुकसानीपासून लागू होई आणि कैद सात वर्षांपर्यंत. शेतमालाला मात्र मर्यादा दहाच रुपयांची. उसाच्या कोल्हापुरात हा फरक सहज उमगतो. भाऊबंदकीतून रात्री फड पेटवला जातो, जळीत ऊस तातडीने तोडावा लागतो आणि दरातही कपात सोसावी लागते. पण शेजाऱ्याने स्वतःचे पाचट पेटवले आणि आग बांध ओलांडून आली, तर हेतूच नसतो. मग प्रकरण कलम २८५ च्या निष्काळजीपणावर येई : सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. ऊस दोन्ही वेळा तेवढाच जळतो.

देऊळ, राहते घर किंवा माल ठेवायची इमारत आगीने नष्ट करण्याच्या हेतूने केलेल्या आगळिकीला कलम ४३६ खाली जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होती. आत माणूस होता का, हे कलम विचारत नसे. इमारतीचा नेहमीचा वापर पाही. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये कोल्हापुरात घरे जळाली, तसा चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही. स्टुडिओ घर नव्हे, देऊळ नव्हे. या कलमात तो बसवायचा तर मालाची जागा म्हणूनच.

दंडसंहितेबाहेर, १९८४ च्या कायद्याने सार्वजनिक मालमत्ता जाळणाऱ्यास एक ते दहा वर्षे सक्तमजुरी ठरवली.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. ४३५ आणि ४३६ दोन्ही कलम ३२६ मध्ये सामावली आणि शंभर-दहा रुपयांची मोजपट्टी गेली. निष्काळजीपणा कलम २८७ मध्ये आला, दंडाची कमाल रक्कम दोन हजार झाली. पुढच्याच महिन्यात, ८ ऑगस्टच्या रात्री, नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातले शाहू महाराजांच्या काळातले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. अशा आगीत कलमाचा प्रश्न नंतरचा. आधी कारण शोधावे लागते. कोणी मुद्दाम लावलेली नसेल आणि निष्काळजीपणाही आढळला नाही, तर महापालिकेची वास्तू गेली तरी गुन्हा होत नाही.