वामनवृक्षाची पानगळ



रोपवाटिकेंतून हौसेनें आणलेला हिरवागार वामनवृक्ष दिवाणखान्यांत मांडावा आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच्याखालीं पानांचा सडा पडावा, हा अनुभव आजकाल पुष्कळांच्या वांट्यास येतो. अशा वेळीं लागणारी चुटपुट केवळ पैशांची नसते. हें झाड बहुधा कोणीतरी प्रेमानें भेट दिलेलें असतें. आणि जें दुसऱ्याच्या हातीं कित्येक वर्षें सुखानें वाढलें, तें आपल्या घरीं पंधरवडाभरही टिकलें नाहीं, हा विचार मनाला बोंचतो. परंतु तें मेलेलें असतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें चांगलें जिवंत असतें, आणि पुढच्या महिनाभरांत जें दगावतें तें पानगळीनें नव्हे, तर पानगळ थांबविण्यासाठीं आपण केलेल्या उपायांनीं दगावतें. या उपायांविषयींच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

बाजारांत ‘फायकस’ या नांवानें मिळणारे वामनवृक्ष बहुधा दोन जातींचे असतात. एक आपला नांद्रुक, म्हणजे फायकस मायक्रोकार्पा. आणि दुसरी जाति फायकस बेंजामिना, जिच्या फांद्या सडपातळ व खालीं झुकणाऱ्या असतात. दोन्ही वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळांतल्या. पिंपळ आपलीं पानें टाकून उघडाबोडका उभा राहतो तेव्हां कोणी हळहळत नाहीं. कांहीं दिवसांत त्याला तांबूस कोंवळी पालवी येणार हें लहान मुलालाही ठाऊक असतें. कुंडींतल्या झाडापाशीं मात्र आपला हा धीर सुटतो. नांद्रुक हा सदाहरित वृक्ष खरा, पण पानें टाकून पुन्हां फुटण्याची कुळाची शक्ति त्याच्याही अंगीं आहे.

पान गळतें म्हणजे काय होतें? जोंवर पान आपल्या पोटापुरतें अन्न तयार करीत असतें तोंवर त्यांतून ऑक्सिन नांवाचें द्रव्य देठाकडे वाहत राहतें. पानाची कमाई घटली कीं हा ओघ आटतो, आणि मग इथिलीन नांवाच्या वायूच्या प्रभावानें देठाच्या बुडाशीं पेशींचा एक पातळ थर सुटा होतो. आंब्याच्या अढींत फळ पिकविणारा वायु तो हाच. बंद खोक्यांतून, अंधारांतून प्रवास करून आलेल्या झाडाची पानगळ अधिक कां, याचा उलगडा येथें होतो. पण मुख्य गोष्ट अशी कीं पान टाकणें ही झाडाची स्वतःची कृति आहे, आणि ती करावयास फांदी जिवंत असावी लागते. म्हणून जमिनीवर पडलेल्या पानांपेक्षां, वाळून कुरकुरीत झालेलीं पण फांदीला घट्ट चिकटून राहिलेलीं पानें हींच अधिक काळजीचीं समजावीं. तेथें पान सुटण्यापूर्वीच फांदीनें प्राण सोडलेला असण्याचा संभव असतो.

आतां कमाई घटते कशानें? पुष्कळशा उदाहरणांत उजेडानें. उघड्यावर भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारें १,००,००० लक्स भरतो. दिवाणखान्यांत खिडकीपासून दूर कोपऱ्यांत तो शे-दोनशे लक्स असला तरी पुष्कळ. आपल्या डोळ्याची बाहुली अंधुक जागीं मोठी होते, म्हणून आपल्याला खोली चांगली उजळ वाटते. झाडाला बाहुली नाहीं. भरपूर उजेडांत घडलेलें पान जाड असतें, त्याच्या पोषणाचा खर्चही मोठा असतो. कोपऱ्यांतल्या तुटपुंज्या मिळकतींत तो भागत नाहीं, आणि झाड तें पान काढून टाकतें. १९७० च्या दशकांत अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत अपोपका येथें कोनोव्हर व पूल या संशोधकांनीं घरांत ठेवावयाच्या झाडांवर पुष्कळ काम केलें. घरांत नेण्यापूर्वीं झाड कांहीं काळ सावलींत वाढविलें तर त्याची पानगळ बरीच कमी होते, असें त्यांत दिसून आलें. आपल्याकडे विकणारा इतकी तसदी क्वचितच घेतो. तेव्हां ती संवय लावण्याचें काम घेणाऱ्याच्या घरीं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत होतें.

झाड जिवंत आहे कीं नाहीं हें पाहणें सोपें आहे. एखाद्या बारीक फांदीची साल नखानें किंचित् खरवडावी. खालीं ओलसर हिरवा थर दिसला, किंवा पांढरा चीक आला, तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडें लांकूड लागलें तर त्याहून खालीं, खोडाकडे सरकत पाहावें. टोंकें मेलीं तरी खोड शाबूत असूं शकतें. चीक कातडीला झोंबतो, म्हणून हात धुवावे. शिल्लक पानें उलटून खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण नाहीं ना, हेंही याच वेळीं पाहून घ्यावें.

यानंतरचा प्रश्न पाण्याचा, आणि घात बहुधा येथेंच होतो. पान गळूं लागलें कीं झाड तहानेलें आहे असें समजून आपण सकाळ-संध्याकाळ पाणी घालतों. वस्तुतः मुळें जें पाणी ओढतात त्याचा फार मोठा भाग पानांवाटे वाफ होऊन जात असतो. पानेंच उरलीं नाहींत तर पाणी खर्च करणार कोण? माती दिवसेंदिवस चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाहीं, तीं कुजतात. मुळें कुजल्यामुळें उरलींसुरलीं पानें गळतात. आणि तीं गळतात म्हणून आपण आणखी पाणी घालतों! रोपवाटिकेवाल्यानें ‘एक दिवसाआड घाला’ असें सांगितलें असेल, पण तें पानांनीं भरलेल्या झाडासाठीं होतें. आतां पंचांग पाहून नव्हे, बोट खुपसून पाणी घालावें. बोटाचें एक पेर मातींत शिरवावें. आंत ओल लागली तर झारी ठेवून द्यावी. वरचा थर सुकला असेल तर मात्र भोंकांतून पाणी वाहीपर्यंत घालावें, आणि खालच्या बशींत साचलेलें ओतून टाकावें.

उलट प्रकारही घडतो. कांहीं कुंड्यांत वर शोभेचे खडे चिकटविलेले असतात, खालीं नुसता नारळाचा भुसा असतो. हा भुसा एकदां ठणठणीत वाळला कीं पाणी धरीत नाहीं. तें कडेकडेनें निघून जातें आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी उचलली असतां हलकी लागते. खडे काढावेत आणि बुडबुडे थांबेपर्यंत कुंडी पाण्याच्या बादलींत बुडवून ठेवावी.

जागा खिडकीपाशीं, जेथें सकाळचें कोंवळें ऊन येतें, तेथें द्यावी. वातानुकूलन यंत्राचा थंड झोत लागेल अशी देऊं नये. एकदां दिली कीं हलवूं नये. रोज नवी खोली दाखविणारा प्रेमळ मालक झाडाला रोज नवा हिशेब मांडावयास लावतो. कोंकणच्या दमट हवेंत आणखी कांहीं करण्याचें कारण नाहीं. विदर्भाच्या उन्हाळ्यांत मात्र झाडावर पारदर्शक पिशवी सैल घालून, ऊन थेट न लागेल अशा उजेडांत ठेवल्यास कोंब सुकत नाहींत.

खत तर मुळींच घालूं नये. तें औषध नव्हे, आणि दुबळ्या मुळांना त्यांतील क्षार जाळतात. कुंडी बदलण्याचीही घाई नको. याला अपवाद एकच: मातीला कुजट वास येत असेल, मुळें काळीं व गिळगिळीत लागत असतील, तर तीं कापून झाड ताज्या, निचऱ्याच्या मातींत लावावेंच लागतें.

उबदार दिवसांत बहुधा तीन ते सहा आठवड्यांत फांद्यांच्या टोंकांशीं अणकुचीदार कोंब दिसूं लागतात. हीं नवीं पानें थोडीं पातळ व गडद दिसतील. तीं आपल्या खोलीच्या उजेडांत घडलेलीं आहेत, म्हणून त्याच जागीं तीं टिकतात. त्यांच्याबरोबर पाण्याचा खर्चही वाढतो, तेव्हां बोट अधिक वेळां मातींत घालावें लागेल. पानें पुरतीं जून झालीं कीं नेहमींच्या निम्म्या प्रमाणांत खत सुरू करावें, खरोखर वाळलेल्या काड्या तेव्हां छाटाव्या, आणि कुंडी बदलावयाची असल्यास ती पावसाळ्याच्या तोंडाशीं बदलावी.