लाल दिव्यांचा मुखवटा आणि सुरकुत्या : एलईडी प्रकाशोपचार कितपत उपयोगी?

चेहऱ्यावर बांधावयाचा लाल दिव्यांचा मुखवटा आता पेण-रोह्याच्या घरांतही येऊ लागला आहे. कधी मुंबईतला मुलगा वाढदिवसाची भेट म्हणून पाठवतो, कधी ब्यूटी पार्लरमध्ये अशा उपचाराचे दहा-बारा बैठकांचे ‘पॅकेज’ सुचवले जाते. या दिव्यांनी सुरकुत्या खरेच कमी होतात का, आणि साठी-सत्तरीनंतर ते वापरणे सुरक्षित आहे का, हे दोन प्रश्न ज्येष्ठ मंडळी मला वारंवार विचारतात. त्यांची उत्तरे येथे क्रमाने पाहू.

प्रकाशाने उपचार : कल्पना जुनीच

डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयरोगावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसण्याची पद्धत फार पूर्वीपासून आहे. काविळीमुळे निळ्या प्रकाशाखाली ठेवलेले नवजात नातवंड तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९६७ साली हंगेरीचे डॉ. एंद्रे मेस्टर यांना असे आढळले की, सौम्य लेझर दिलेल्या उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर केस लवकर उगवतात. पुढे अमेरिकेच्या ‘नासा’ने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी वापरलेल्या लाल एलईडी दिव्यांचा जखमा भरून येण्यावर काय परिणाम होतो, याचाही अभ्यास झाला. आजचे मुखवटे याच वाटेने आले आहेत.

त्वचेत नेमके काय घडते?

त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तयार करतात. वय वाढते तशी त्यांची गती मंदावते, आणि उन्हातील अतिनील किरण असलेले कोलॅजनही तोडतात. सुमारे ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश त्वचेत काही मिलिमीटर खोल जातो. ८३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याहून खोल पोहोचतो. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमधील एक विकर हा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे ऊर्जानिर्मिती वाढते आणि फायब्रोब्लास्ट पेशी अधिक कोलॅजन तयार करतात, असे मानले जाते. या दिव्यांत अतिनील किरण नसतात. म्हणून उन्हाने होते तशी हानी यांतून होत नाही. मात्र प्रकाशाची मात्रा वाढवली म्हणजे लाभही वाढतो, असे नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे परिणाम उलट घटतो. वीस मिनिटांऐवजी तासभर मुखवटा बांधून बसण्यात अर्थ नाही.

लाभ किती?

जर्मनीत झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३६ स्वयंसेवक होते. उपचार घेणाऱ्यांना आठवड्यातून दोनदा, एकूण तीस बैठका देण्यात आल्या. त्यांच्या त्वचेचा पोत सुधारला आणि कोलॅजनची घनताही वाढली. मात्र तेथे एलईडी नव्हे, तर प्रकाशनळ्या वापरल्या होत्या, आणि तुलनेच्या गटाला नकली उपचार न देता तसेच ठेवले होते. एलईडीवरील इतर अनेक अभ्यास लहान आहेत. त्यांवरून इतके म्हणता येते की, बारीक सुरकुत्या थोड्या कमी होऊ शकतात. त्यासाठी काही आठवडे नियमित वापर लागतो, आणि वापर थांबवल्यावर लाभ हळूहळू ओसरतो. खोल सुरकुत्या व ओघळलेली त्वचा यांवर फारशी आशा ठेवू नये. घरगुती मुखवट्यांची शक्ती बहुधा दवाखान्यातील यंत्रांपेक्षा कमी असते.

कोणी जपावे?

- वांग असणाऱ्यांनी : बहुरंगी मुखवट्यांतील निळा प्रकाश मुरुमांसाठी असतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर तो डाग अधिक गडद करू शकतो.
- डोळ्यांचे विकार असणाऱ्यांनी : दृष्टिपटलाचा आजार असल्यास नेत्रतज्ज्ञांना विचारल्याखेरीज वापरू नये. इतरांनीही डोळे झाकणारा चष्मा लावावा.
- अपस्मार किंवा ल्युपस असणाऱ्यांनी : डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हा उपचार घेऊ नये.
- काही औषधे चालू असणाऱ्यांनी : पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायझाइड व हृदयासाठीचे अमिओडारोन यांमुळे त्वचा प्रकाशाला हळवी होते. हा हळवेपणा मुख्यत्वे अतिनील किरणांबाबत असला, तरी आपल्या गोळ्यांची यादी आधी डॉक्टरांना दाखवावी.

दिव्याखाली झाकू नये अशी लक्षणे

मला खरी चिंता याच गोष्टीची वाटते. महिनाभरात न भरणारी जखम, आकार वा रंग बदलणारा तीळ, सहज रक्त येणारी गाठ, ही त्वचेच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. स्पर्श न कळणारा फिकट वा लालसर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. हा आजार बरा होतो व त्याची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. उशीर झाला, तर मात्र हातापायांच्या नसा कायमच्या दुबळ्या होतात. मधुमेहींच्या पायावरील जखमेवर घरचा मुखवटा ठेवून वाट पाहणे तर पाय गमावण्याला निमंत्रण ठरेल. अशा त्वचेवर दिवा लावण्यापूर्वी ती डॉक्टरांना दाखवावी. शुश्रूषा करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा, अंघोळीच्या वेळी, ज्येष्ठांची पाठ, टाळू, कानांमागची जागा व तळपाय उजेडात नीट पाहावेत. तेथे त्यांची स्वतःची नजर पोहोचत नाही.

कमी खर्चाचे, खात्रीचे उपाय

ज्यांचे आयुष्य भाताच्या खाचरांत गेले किंवा पोह्याचे पापड उन्हात वाळत घालण्यात गेले, त्यांच्या चेहऱ्यावरील व हातांवरील सुरकुत्यांत उन्हाचा वाटा मोठा असतो. म्हणून सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत डोक्यावर छत्री, टोपी वा पदर असावा आणि बाह्या लांब असाव्यात. शक्य असल्यास सनस्क्रीन लावावे. अंघोळीला कोमट पाणी व सौम्य साबण घ्यावा, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. कोरडेपणा व खाज दोन्ही कमी होतात. तंबाखू व मिश्री सोडावी. जेवणात डाळी, अंडी वा मासळी असावी.

हे सर्व सांभाळून, डॉक्टरांना विचारून व डोळे झाकून कोणी लाल दिवा वापरू इच्छीत असेल, तर हरकत नाही. परंतु निवृत्तिवेतनातील रक्कम त्यासाठी बाजूला काढण्यापूर्वी वर्षातून एकदा करावयाची डोळ्यांची, रक्तातील साखरेची व त्वचेची तपासणी झाली आहे ना, हे अवश्य पाहावे.