मावळतीचा हक्क

महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवर सुटीच्या हंगामात सायंकाळी पाय ठेवावयास जागा नसते. मोटारींची रांग दूरवर गेलेली असते, कणसे भाजली जात असतात, मुले कठड्यावर चढलेली असतात. आणि कोकणच्या धूसर खोऱ्यावर सूर्यबिंब टेकू लागले की एवढा मोठा समुदाय क्षणभर खरोखरच गप्प होतो. याच गावाच्या दुसऱ्या अंगाला विल्सन पॉइंट आहे. समुद्रसपाटीपासून १,४३९ मीटर उंचीचे, महाबळेश्वरातील सर्वांत उंच असे हे स्थळ सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे. परंतु पहाटे तेथे जाणारे त्या मानाने थोडेच. थंडीत पांघरूण सुटत नाही, असे कारण दिले जाते. ते खरेही असेल. पण त्याच थंडीत रात्री उशिरापर्यंत बाजारपेठेत हिंडणारे हेच लोक असतात. तेव्हा उदयाहून अस्त आपल्याला अधिक का ओढतो, या प्रश्नाचे उत्तर थंडीपाशी संपत नाही.

निसर्गाच्या बाजूने पाहिले तर या दोहोंत भेद फार थोडा आहे. सूर्य क्षितिजाशी असताना त्याचे किरण माथ्यावरच्या सूर्यापेक्षा कितीतरी अधिक हवेतून वाट काढीत येतात. वाटेत निळा प्रकाश विखरून जातो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. या विखुरण्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडले आणि ते सकाळ-संध्याकाळ सारखेच लागू पडते. दिवसभरात उडालेली धूळ आणि धूर सायंकाळच्या हवेत अधिक, एवढाच काय तो फरक. अनोळखी ठिकाणचे नुसते छायाचित्र समोर ठेवले, तर ते उगवतीचे की मावळतीचे हे भल्याभल्यांना सांगता यावयाचे नाही. मुंबईच्या अक्षांशावर संपूर्ण बिंब बुडण्यास सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. वर येण्यासही तेवढीच. इतकेच काय, बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली आपण पाहतो त्या वेळी सूर्य सरळ रेषेत क्षितिजाखाली उतरलेलाच असतो. हवेतून वाकून आलेले किरण आपल्याला तो अजून आहे असे भासवतात. ज्याला निरोप देण्यासाठी आपण उभे असतो, तो आधीच निघून गेलेला असतो.

मग मन भरून येते ते कशाने? आभाळात जे भेद नाहीत ते पाहणाऱ्याच्या दिवसात असले पाहिजेत. सकाळी जो पाहतो त्याच्या हाती अजून काहीच पडलेले नसते. सायंकाळी पाहणाऱ्याच्या मागे एक संपूर्ण दिवस उभा असतो, आणि तो संपला, आता त्यात काही घालता येणार नाही, काढताही येणार नाही, हे कळलेले असते. सूर्यास्ताची हुरहुर म्हणून आपण जिला ओळखतो, तिच्यात विषादाइतकाच सुटकेचाही भाग असतो. कवींनी पहिल्याची पुष्कळ वाखाणणी केली. दुसऱ्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही असे वाटते.

आपल्या भाषेने मात्र ते दिलेले आहे. गोरज म्हणजे रानातून परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडणारी धूळ. ती वेळ गुराख्याचे काम संपण्याची. दिवेलागण या शब्दातच एक काम आहे. तिन्हीसांजेला निजू नये, केर काढू नये, पोराबाळांनी घरात यावे, असे जे दंडक आजीच्या तोंडी असत, त्यांतील शुभाशुभाचा भाग सोडून दिला तरी त्यांचा अर्थ उरतोच: आता हातातले खाली ठेवा. कातरवेळ या शब्दात तर हात रिकामे झाल्यावर मनात जे दाटते, त्याचेच नाव आहे. उगवतीचे शब्दही असेच. झुंजुमुंजू, तांबडे फुटणे, रामप्रहर हे सारे उठून कामाला लागणाऱ्यांचे शब्द आहेत. जात्यावरची ओवी पहाटेची. परंतु ती गाणारी पहाट पाहत नव्हती, दळत होती. आणि येथेच हेही सांगून टाकले पाहिजे, की घरातल्या बाईचा दिवस मावळतीला कधीच संपला नाही. इतरांची दिवेलागण तिच्या हातून होई आणि तिच्या कामाचा दुसरा अंक तेथूनच सुरू होई.

सूर्यास्त पाहणे ही सवड असलेल्यांची चैन आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी मुंबईच्या इतिहासातील एक पान उघडण्याजोगे आहे. ऑगस्ट १८८३ मध्ये जावा-सुमात्राच्या दरम्यान असलेल्या क्राकाताउ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची सूक्ष्म राख वातावरणात उंच पसरली आणि पुढे कित्येक महिने जगभर सकाळ-सायंकाळचे आभाळ पेटल्यासारखे दिसू लागले. मद्रास आणि सिलोनकडे सूर्य हिरवट दिसल्याच्या नोंदी झाल्या. लंडनमध्ये विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट नावाच्या चित्रकाराने थेम्सच्या काठी बसून त्या संध्याकाळची शेकडो रंगीत रेखाटने केली; हाताला रंग बदलण्यास सवड मिळू नये, इतक्या वेगाने आभाळ रंग बदलत असले पाहिजे. त्याच काळात आपल्या परळ-लालबागच्या गिरण्यांतून हजारो माणसे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मागापाशी उभी होती. गिरण्यांचा दिवस तेव्हा उजेडावर चाले. त्यामुळे उन्हाळ्यात तो तेरा-चौदा तासांचा होई आणि हिवाळ्यात आखडे.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने या कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार जणांच्या सह्यांचे एक निवेदन तयार झाले. आठवड्याला एक दिवस सुटी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, पगार वेळेवर व्हावा, जखमी कामगाराला वेतन मिळावे, अशा मागण्या त्यात होत्या. आणि आणखी एक होती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे व सूर्यास्ताला थांबावे.

सूर्यास्ताला थांबावे! त्या साडेपाच हजारांत कुणी कवी असेल-नसेल. त्यांना पश्चिमेचे रंग पाहावयाचे होते असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु दिवसाला एक शेवट असावा आणि तो मालकाच्या नव्हे तर आकाशाच्या घड्याळावर ठरावा, एवढे त्यांना निश्चित हवे होते. मागणीची सुरुवातीची कड पाहा: ती घड्याळावर आहे, म्हणजे उन्हाळ्यातल्या लवकरच्या उजेडाचा फायदा मालकाला मिळू नये, आणि शेवटची कड सूर्यावर आहे. असा हिशेब ज्यांनी केला त्यांना अडाणी कोण म्हणेल? रविवारची सुटी त्यांना जून १८९० मध्ये मिळाली. सूर्यास्त मिळाला नाही. उलट विजेचे दिवे गिरण्यांत आले आणि सूर्य मावळला तरी माग थांबण्याचे कारण उरले नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालत होत्या. पुरुष कामगारांच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा होण्यास १९११ साल उजाडले.

अस्तानंतर पाळी आली उदयाची. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटांनी मागे होती. म्हणजे नव्या घड्याळात सहा वाजत, तेव्हा जुन्या हिशेबाने पाच वाजून एकवीस मिनिटे झालेली असत आणि थंडीत बाहेर काळोख असे. त्याच जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम सोडले, दगडफेकही झाली. सुशिक्षितांनीही विरोध केला; त्यात स्वाभिमानाचा भाग मोठा होता आणि मुंबईत जुनी वेळ या ना त्या स्वरूपात १९५५ पर्यंत टिकून राहिली. पण कामगाराच्या दृष्टीने हा अभिमानाचा प्रश्न नव्हता, अंधारात घर सोडण्याचा होता. आसामच्या चहाच्या मळ्यांनी नेमकी उलट युक्ती केली. तेथे सूर्य लवकर उगवतो, म्हणून मळ्यांनी आपले घड्याळ एक तास पुढे ठेवले आणि 'बागान टाइम' त्या भागात आजही ऐकू येतो. दिवसाच्या कडा सांभाळावयाच्या असल्या तर घड्याळ वाकवता येते, हा त्याचा अर्थ.

विजेच्या दिव्याला येथे दूषणे द्यावयाची नाहीत. दिवसभर राबून रात्रशाळेत शिकलेल्या मुंबईकरांच्या पिढ्या त्याच उजेडात वर आल्या, आणि या मजकुराच्या वाचकांत त्यांची मुले-नातवंडे असतील. दिव्याने रात्र दिली, हे उपकारच. प्रश्न असा, की त्याने दिवसाचा शेवट काढून घेतला त्याचे काय? आज कचेरी सुटली तरी ती खिशातल्या दूरध्वनीतून घरी येते. वरिष्ठांचा निरोप रात्री दहालाही येऊन पडतो, शाळेच्या गटावर उद्याच्या तक्त्यांची मागणी जेवताना होते, आणि उत्तर न देणारा आळशी ठरतो. ज्या काळाला कातरवेळ म्हणत, तो आता नुसता वाहतूक तुंबण्याचा काळ झाला आहे.

हिवाळ्यातील एक गंमत येथे नमूद करावीशी वाटते. शिक्षकांना ती वर्गात उपयोगी पडेल. वर्षातील सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, हे सर्वांना पाठ असते. त्यावरून त्याच दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवत आणि सर्वांत लवकर मावळत असेल, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईत सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरच्या दिवसांत, सहाच्या सुमारास होतो; आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास, सव्वासातच्या सुमारास. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे डिसेंबरच्या आसपास सूर्याची मध्यान्ह घड्याळात रोज थोडी पुढे सरकते आणि आपल्याबरोबर उदयास्तांनाही ओढत नेते. सकाळच्या शाळेला निघालेल्या मुलांना हे गणित माहीत नसते, पण जानेवारीतला अंधार माहीत असतो. सात-सव्वासातला भरणाऱ्या वर्गात कित्येक मुले सूर्याच्या आधी पोचतात. २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा निर्णय घेतला, तो मुलांच्या झोपेसाठी. त्यात त्यांना सूर्योदयही परत मिळाला, याची नोंद कोणी घेतल्याचे दिसले नाही.

क्षितिजाचीही तीच कथा. कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या आरंभी मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि मूर्तीच्या चरणांपासून मुखाकडे चढत जातात. हा किरणोत्सव पाहण्यास हजारो लोक जमतात. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ज्या स्थपतींनी हा कोन साधला त्यांच्यापुढे मान लवते. अलीकडच्या काळात किरणांच्या मार्गात इमारतींचे अडथळे आले, त्यांची पाहणी झाली, ते दूर करण्याचे प्रयत्न झाले. देवीच्या वाटचा सूर्यास्त अडला म्हणून गाव जागे झाले, हे चांगलेच झाले. गिरणगावात चिमण्या गेल्या, १९८२ च्या संपानंतर गिरण्याही गेल्या आणि त्या जागी काचेचे मनोरे आले. त्यांच्या मागच्या चाळींत मावळतीचे ऊन पोचते की नाही, याची पाहणी कोण करणार?

आणि आता खुद्द सरकारी कारकुनाचीच गोष्ट. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. ही मागणी जुनी होती आणि न्याय्यही होती. शनिवारची भरपाई म्हणून कामाची वेळ वाढली; मुंबईत पूर्वी साडेपाचला सुटणारी कचेरी सव्वासहाला सुटू लागली. मुंबईचा सूर्य ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सव्वासहाच्या आत मावळतो. मंत्रालयापासून समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे. साडेपाचच्या काळात नोव्हेंबरातही तेथवर जाऊन, कठड्यावर थोडे टेकून, दोन-अडीच मिनिटांचा तो सोहळा पाहून गाडी गाठता येत असे. आणि ज्याला थेट गाडीच गाठावयाची असे, त्याला धिम्या लोकलच्या पश्चिमेकडच्या दारातून माहीम-वांद्र्याच्या दरम्यान खाडीच्या पाण्यावर तांबडे बिंब टेकलेले सापडे. सव्वासहाला निघणाऱ्याला त्या पुलावर पुलाचे दिवे दिसतात. शनिवार मिळाला त्याचा आनंद मानून, उरलेल्या पाच संध्याकाळींपैकी निदान हिवाळ्यातल्या पाऊण तासाचा हिशेब कर्मचारी संघटनांनी एकदा शासनापुढे मांडून पाहण्यास हरकत नाही. १८८४ च्या निवेदनातील ते एक कलम अद्याप निकाली निघालेले नाही.