चर्च लहान, शाळा मोठ्या
(विशेष प्रतिनिधी)

कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, पारियाच्या आखाताकडे तोंड करून वसलेले सान फर्नांडो हे शहर नापरिमा टेकडीच्या उतारावर पसरले आहे. उकाडा बारमाही, जून ते डिसेंबर पावसाळा. रस्त्याकडेच्या गाड्यांवर मऊ बारा आणि मसालेदार चणे यांचे 'डबल्स' मिळतात. कार्निव्हल, दिवाळी आणि ईद हे तिन्ही सण येथे आपलेच मानले जातात. याच शहरात 'सुसमाचार' नावाचे प्रेस्बिटेरियन चर्च आहे. मराठी ख्रिस्ती ज्याला शुभवर्तमान म्हणतात, त्यासाठीच हा हिंदी शब्द. भारतापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या चर्चला हिंदी नाव कसे मिळाले, यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

उसाचे मळे आणि गिरमिट

ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येऊ लागली आणि त्रिनिदादच्या ऊसमळ्यांना मजुरांची चणचण भासू लागली. त्यावर उपाय म्हणून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे पहिले जहाज त्रिनिदादला पोहोचले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय या बेटावर उतरले. त्यातील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील, कोलकाता बंदरातून गेलेले. मुंबईहून निघालेल्या मराठी मजुरांची वाट मुख्यतः मॉरिशसची होती. पाच वर्षांचा करार, मळ्याबाहेर जाण्यासाठी परवाना आणि मुलांच्या शिक्षणाची जवळजवळ काहीच सोय नाही, असे हे जीवन होते.

घराच्या पायरीवरची शाळा

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताचे धर्मोपदेशक जॉन मॉर्टन प्रथम प्रकृतीस्वास्थ्यासाठी त्रिनिदादला आले होते. मजुरांची अवस्था पाहून ते १८६८ मध्ये पत्नी सारा यांच्यासह मिशनरी म्हणून परतले. सान फर्नांडोजवळच्या इएर या खेड्यात, घराच्या पायरीवर मोजक्या मुलांना घेऊन त्यांनी शाळा सुरू केली. मॉर्टन हिंदी शिकले. १८७० मध्ये केनेथ ग्रँट त्यांना येऊन मिळाले आणि १८७२ मध्ये सुसमाचार चर्च उभे राहिले. लाल बिहारी यांच्यासारख्या भारतीय सहकाऱ्यांनी प्रचाराचा मोठा भार उचलला. उपासनेत हिंदी भजने गायली जाऊ लागली.

धार्मिक संस्थांच्या शाळांना अनुदान देण्याचे धोरण १८७० पासून सरकारने स्वीकारले. काही मळेवाल्यांनीही पैसा दिला. १८९४ मध्ये नापरिमा कॉलेज आणि शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय, तर १९१२ मध्ये नापरिमा मुलींची शाळा सुरू झाली. मुलींना शाळेत पाठविण्यास पालक सहसा नाखूष असत, त्या काळातील ही गोष्ट आहे.

शिक्षणाची किंमत

मात्र या सेवेला दुसरी बाजूही होती. मिशनच्या शाळेत शिक्षकाची नोकरी मिळवायची, तर ख्रिस्ती होणे बहुधा आवश्यक ठरे. मळ्यातून सुटण्याचा सुशिक्षितांसाठी तो जवळजवळ एकमेव मार्ग होता. त्यामुळे अनेकांनी नाव व धर्म बदलला. काहींनी केवळ कागदोपत्री. आपला धर्म राखून शिकायचे, तर आपलीच शाळा हवी, ही जाणीव त्यातून हिंदू समाजात बळावली. १९५२ मध्ये भदासे सागन महाराज यांच्या नेतृत्वाखाली सनातन धर्म महासभा संघटित झाली आणि तिने शाळांची मोहीमच उघडली. विरोधकांनी 'गोठ्यातील शाळा' अशी त्यांची हेटाळणी केली. परंतु त्या टिकल्या.

आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेनुसार देशात प्रेस्बिटेरियन सुमारे अडीच टक्के, तर हिंदू १८ टक्क्यांच्या आसपास होते. धर्मांतर हे उद्दिष्ट मानले, तर मिशनचे यश मर्यादितच म्हणावे लागेल. शाळांचे चित्र वेगळे आहे. या छोट्या चर्चच्या सुमारे ७० प्राथमिक आणि पाच माध्यमिक शाळा आहेत व त्यांत सर्व धर्मांची मुले शिकतात. कादंबरीकार सॅम सेल्व्हन नापरिमा कॉलेजचे विद्यार्थी. १९८७ ते १९९७ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले नूर हसनअली हे मुस्लिम. त्यांनीही तेथेच शिक्षण घेतले आणि तेथेच अध्यापन केले. २०१० मध्ये देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झालेल्या, हिंदू कुटुंबातील कमला प्रसाद-बिसेसर या सिपारियातील प्रेस्बिटेरियन इएर हायस्कूलच्या विद्यार्थिनी. नापरिमा मुलींच्या शाळेने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेले पाककृतींचे पुस्तक तर घरोघरी पोहोचले आहे.

वाद मात्र संपलेला नाही. १९६० मध्ये सरकार व धर्मसंस्था यांच्यात झालेल्या करारान्वये अनुदानित माध्यमिक शाळांच्या व्यवस्थापनांना पहिल्या वर्गातील २० टक्के जागा आपल्या पसंतीने भरण्याची मुभा मिळाली. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत ही सवलत का, असा सवाल टीकाकार करतात. शाळेचे वेगळेपण त्यावरच टिकून आहे, असे समर्थकांचे म्हणणे असते. शाळेत कोणाला आणि कोणत्या अटीवर प्रवेश मिळावा, हा मळ्यांच्या काळातील प्रश्न सान फर्नांडोत आजही पालकांच्या बोलण्यात असतो.