टपालाने न पोहोचणारे मत

लोकसभेची निवडणूक जाहीर झाली की सीमेवरील जवानाचे मत त्याच्या गावच्या मतदारसंघात वेळेवर पोहोचावे, यासाठी केंद्रीय निवडणूक आयोगाची यंत्रणा कामाला लागते. २०१६ मध्ये नियम बदलल्यापासून त्याला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने धाडली जाते. ती छापून, मत नोंदवून तो टपालाने परत पाठवितो. २०१९ च्या निवडणुकीत अशा सेवा मतदारांची संख्या १८ लाखांच्या घरात होती. मात्र त्याच जवानाच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की ही व्यवस्था आपोआप त्याच्या मदतीला येत नाही. दिल्लीतील सभागृहासाठीचे मत हजार मैलांवरून देता येते. गावच्या पाण्याचा आणि रस्त्याचा निर्णय घेणाऱ्या सभागृहासाठी तशी हमी नाही.

या विसंगतीचे मूळ घटनात्मक रचनेत आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या आणि पंचायती व नगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगांकडे गेल्या. टपाली मतदानाची तपशीलवार तरतूद आहे ती १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत, आणि ते नियम संसद व विधिमंडळांच्या निवडणुकांपुरते आहेत. स्थानिक निवडणुका राज्यांच्या कायद्यांनी चालतात. तेथे टपाली मतपत्रिका प्रामुख्याने निवडणुकीच्या कामावर नेमलेल्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येते.

सर्वसामान्य सरकारी नोकराची स्थिती जवानापेक्षाही अवघड आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मधील ‘सेवा अर्हते’त सशस्त्र दले, राज्याबाहेर तैनात असलेले त्या राज्याचे सशस्त्र पोलीस आणि परदेशातील पदांवर असलेले केंद्राचे कर्मचारी एवढेच बसतात. पुण्याहून दिल्लीला बदलून आलेला मंत्रालयातील अवर सचिव त्यात बसत नाही. बांधकामावर आलेला मजूर तर नाहीच. कायदा त्यांना एकच प्रश्न विचारतो : तुमचे सर्वसाधारण वास्तव्य कोठे आहे? गावी घर आहे, एवढ्यावरून ते वास्तव्य ठरत नाही, असे कलम २० स्पष्टपणे सांगते. तात्पुरत्या गैरहजेरीने ते संपत नाही, हेही तेच कलम सांगते. मात्र वर्षानुवर्षांची नोकरी ‘तात्पुरती’ कशी म्हणावी, याचे उत्तर सोपे नाही. दोन्हीकडे नाव ठेवण्याची अनेकांची सवय तर थेट कायद्याविरुद्ध आहे. कलम १७ आणि १८ दुहेरी नोंदणीला मनाई करतात. खोट्या निवेदनासाठी कलम ३१ मध्ये एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

दिल्लीत नाव नोंदविले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. सरोजिनी नगर किंवा काका नगरच्या शासकीय निवासस्थानात राहणारा अधिकारी नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीत येतो. १९९४ च्या कायद्याने चालणाऱ्या या परिषदेत नागरिकांनी थेट निवडलेला नगरसेवकच नसतो. आमदार आणि खासदार निवडणारा हा मतदार नागरी कारभारापुरता मताविना राहतो. रामकृष्णपुरमचा रहिवासी मात्र महापालिकेचा मतदार आहे. ४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली महापालिकेच्या २५० प्रभागांसाठी मतदान झाले, तेव्हा त्याला मत होते.

नोंदणीच्या वेळापत्रकातही एक मेख आहे. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग स्वतःची स्वतंत्र यादी तयार करीत नाही. विधानसभेची यादी ठरावीक दिनांकाला जशी असेल तशी घेऊन ती प्रभागांत विभागली जाते. १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले, ते १ जुलै २०२५ च्या यादीवर. निवडणुकीचा बिगुल वाजल्यावर अर्ज घेऊन धावणाऱ्याला त्यामुळे उशीरच झालेला असतो. वास्तव्य बदललेल्याने नमुना ८ भरून नाव हलवायचे, तर ते निवडणुकीची चाहूल लागण्यापूर्वीच.

तंत्रज्ञानाचे प्रयोग झाले नाहीत असे नाही. गुजरातने २०१० च्या महापालिका निवडणुकांत इंटरनेटद्वारे मतदान करून पाहिले. बिहारने २८ जून २०२५ रोजी नगरपालिका निवडणुकांत मोबाइल अ‍ॅपचा वापर केला आणि त्यात स्थलांतरितांचाही विचार केला. उलट, केंद्रीय आयोगाने एका यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळण्याची क्षमता असलेले दूरस्थ मतदान यंत्र १६ जानेवारी २०२३ रोजी राजकीय पक्षांपुढे मांडले, तेव्हा विरोधी पक्षांनी त्यावर आक्षेप घेतले. २०२४ ची लोकसभा निवडणूक त्या यंत्राविनाच पार पडली.

हे आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते. प्रभाग लहान, मतांचे अंतर दोन आकडी. अशा ठिकाणी घरात भरली जाणारी मतपत्रिका कोणाच्या नजरेखाली भरली गेली, हा प्रश्न लोकसभेपेक्षा कितीतरी गंभीर ठरतो. परंतु आजची व्यवस्थाही निष्पाप नाही. कोकणातल्या वा घाटावरच्या गावी निवडणूक लागली की मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांसाठी गाड्या ठरविल्या जातात. गाडीचे भाडे ज्याने दिले, त्याचे दडपण मतावर येते. टपालाचा खर्च सरकारने केला नाही, तर प्रवासाचा खर्च उमेदवार करतो आणि गुप्त मतदानाला तडा तेथेच जातो.

यावर उपाय करण्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. पंचायत निवडणुकांशी संबंधित सर्व बाबींवर कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २४३-के ने राज्य विधिमंडळांना दिलेला आहे. निदान सेवा मतदारांसाठी तरी महाराष्ट्राला पहिले पाऊल टाकता येईल. तोवर स्थलांतरित मराठी माणसासमोर निवड एवढीच आहे : जेथे राहतो तेथे वेळीच नाव नोंदवायचे, की गावच्या यादीत नाव ठेवून मतदानाच्या दिवशी परगावीच राहायचे. दुसरा मार्ग भावनेला जवळचा असला, तरी त्याने ना गावाला मत मिळते, ना शहराला.