पोट भरलं, शिकार राहिली

पहाटे चार वाजता पांघरुणाबाहेर आलेल्या अंगठ्याचा चावा घेणारं मांजर वात्रट आहे, अशी घरच्यांची समजूत असते. माझ्या मते ते बेकार असतं.

मांजर हा मुळात तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला शिकारीला निघणारा प्राणी. एका उंदरानं त्याचं भागत नाही, म्हणून मोकळ्या मांजराला दिवसातून अनेकदा दबा धरावा लागतो आणि त्यातल्या बऱ्याच झडपा फुकट जातात. खिडक्यांना जाळ्या लावलेल्या फ्लॅटमध्ये वाटी मात्र वेळच्या वेळी भरते. पोटाची सोय होते. टपणं, दबकत सरकणं, झेप, चावा हे सगळं अंगात तसंच राहतं. मग ते पडद्यावर, सोफ्यावर नाहीतर आपल्या पायांवर निघतं.

‘मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव’ ही म्हण उंदराची बाजू घेते. मांजराला मात्र खेळ आणि शिकार या दोहोंत फारसा फरक वाटत नसावा. साउदॅम्प्टन विद्यापीठात जॉन ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत भुकेली मांजरं खोट्या उंदरावर अधिक त्वेषानं तुटून पडली. तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिल्यावर त्यांचा रस आटला. वेगळं दिसणारं खेळणं समोर येताच ती पुन्हा सरसावली. महागडं खेळणं आणून ‘आमची मनी खेळतच नाही’ म्हणणाऱ्यांनी ते चार दिवस कपाटात टाकावं आणि मग काढून बघावं.

2021 साली एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या 355 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मांजरं बाहेर हिंडणारी होती. ज्यांच्याशी घरची माणसं रोज पाच-दहा मिनिटं खेळली, त्यांनी घरी आणलेली शिकार 25 टक्क्यांनी घटली. गळ्यातल्या घंटीनं मात्र काही फरक पडला नाही.

खेळवायला खराट्याचा हीर, दोरी आणि कागदाचा बोळा पुरतो. बोळा मांजराच्या नाकासमोर नाचवू नका. कुठला उंदीर असं करतो? तो लांब पळवा, दाराआड लपवा, मध्येच थांबवा. शेवटी तो मांजराच्या हाती लागू द्या आणि लगेच जेवण वाढा. रात्रीच्या वाटीआधी हा क्रम ठेवला, तर पहाटेचे हल्ले कमी होण्याची शक्यता बरीच. लेझरचा ठिपका कधीच पंजात येत नाही, म्हणून तो मला पसंत नाही. हाताची बोटं खेळायला देणं तर पिल्लूपणीच टाळावं. खेळ संपला की दोरी खणात ठेवा. गिळलेली दोरी, लोकर किंवा मांजा आतड्यात अडकला, तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

कुत्र्यांबद्दल एकच गैरसमज खोडते. रस्सीखेचीत त्याला जिंकू दिलं तर तो डोक्यावर बसतो, असं सांगितलं जातं. ब्रॅडशॉ आणि निकोला रूनी यांनी 14 गोल्डन रिट्रीव्हरांवर हे तपासलं. वारंवार जिंकूनही ते शिरजोर झाले नाहीत. तेव्हा खुशाल हरा.

आणि माणसाचा फायदा? प्राण्यांमुळे रक्तदाब उतरतो वगैरे दावे मी जपूनच घेते. पण एका हातात मोबाइल धरून मांजराला खेळवता येत नाही, हाही काही कमी फायदा नाही. गुडघे धरलेल्या आजीलाही खुर्चीत बसून हीर हलवता येतो.

यातून आणखी एक गोष्ट साधते. मांजर दुखणं लपवतं. बारा वर्षांवरील 100 मांजरांच्या एक्स-रेंच्या एका अभ्यासात 90 मांजरांच्या सांध्यांची झीज दिसली होती. रोज खेळवणाऱ्याला झेप आखूड झालेली लवकर कळते. ती कळली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, पशुवैद्यांना दाखवा.