नवख्या सहकाऱ्याची मार्गदर्शिका

महाबळेश्वराहून पसरणीचा घाट उतरलें कीं वाई लागते. तेथें सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा ‘परिभाषासंग्रह’ हा अठरावा खंड १९७३ सालीं, म्हणजे पहिल्या खंडाच्या तीन वर्षें आधीं निघाला. अनेक हातांनीं लिहावयाचें, तर शब्द आधीं ठरावे लागतात.

जिची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी व सुधारावी, अशा मुक्तस्रोत संगणक-प्रणालीचेंही तसेंच आहे. १९९१ मध्यें आरंभलेल्या लिनक्सला जगभरचे लोक हातभार लावतात. पण आज्ञावली खुली असली म्हणून नवख्याला वाट सांपडतेच, असें नाहीं. प्रणाली कशी उभारावी, बदल कसा पारखावा, कोणाकडे धाडावा, हें मार्गदर्शिकेंत क्रमानें असावें. जाणत्या लेखकाला तिच्यांतील उणीव दिसत नाहीं. म्हणून ती नवख्याच्या हातीं द्यावी, आणि तो अडेल तेथें सुधारावी.